पोकळीवरचा आळ

मोठ्या पुंगळीच्या रिव्हॉल्व्हर काडतुसात हलकी गोळी भरली की वेगाला ताळतंत्र राहत नाही, ही अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांची जुनी तक्रार आहे. तिथे घरी काडतुसे भरणे हा कायदेशीर आणि रुळलेला छंद आहे. दारू ग्रेन या बारीक वजनमापात तोलायची, गोळी बसवायची, पुंगळीचे तोंड आवळायचे आणि रविवारी मैदानावर क्रोनोग्राफ मांडून वेग मोजायचा. .४५ कोल्टमध्ये नेहमीच्या अडीचशे ग्रेनच्या गोळीऐवजी १६० किंवा १८० ग्रेनची गोळी घातली, धक्का कमी बसावा म्हणून दारूही कमी केली, की क्रोनोग्राफचे आकडे नाचू लागतात. एक गोळी सेकंदाला पावणेसातशे फुटांनी जाते, तिच्या मागची पावणेआठशेने. काडतुसे एकाच डब्यातली, भरणारा हात एकच.

यावर ठरलेले उत्तर मिळते: पुंगळीत पोकळी फार आहे. दारू चिमूटभर आणि जागा भलीमोठी, म्हणून दारू कधी पुढे सरकते, कधी मागे, कधी तळाशी आडवी पसरते आणि प्रत्येक वेळी वेगळी पेटते. पोकळी भरून काढा, तक्रार मिटेल. हे उत्तर इतके सर्वमान्य झाले आहे की त्यापलीकडे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की पोकळी या प्रकरणात सामील आहे, पण सूत्रधार नाही. वेग विस्कटतो तो पहिल्या क्षणी पुरेसा दाब उभा न राहिल्यामुळे. हा भेद शब्दच्छलाचा नाही. निदान चुकले की उपायही चुकतात आणि या छंदात चुकलेला उपाय हातात फुटू शकतो.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. .४५ कोल्ट हे काडतूस १८७३ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरबरोबर आले. तेव्हा बिनधुराची दारू अस्तित्वात नव्हती. पॉल व्हिएय याने ती फ्रान्समध्ये १८८४ साली सिद्ध केली. कोल्टची ३२ मिलीमीटरहून थोडी लांब पुंगळी आखली गेली ती काळ्या दारूच्या मापाने. मूळ भरणी ४० ग्रेन काळी दारू आणि २५५ ग्रेनची शिशाची गोळी. गोळी बसली की दारू दाबली जायची, पोकळी नावालाही उरत नसे. पुढे बिनधुराची दारू आली. तिची शक्ती इतकी, की ४० ग्रेनचे काम पाच ते आठ ग्रेनमध्ये होऊ लागले. पुंगळी मात्र तेवढीच राहिली. काठोकाठ भरली तर सुमारे ४२ ग्रेन पाणी मावेल अशा भांड्याच्या तळाशी आता चिमूटभर दारू पडलेली असते. पोकळीवाद्यांचे म्हणणे असे, की पूर्वी पुंगळी भरलेली होती तेव्हा तक्रार नव्हती, रिकामी झाली तेव्हा सुरू झाली. आणखी पुरावा कशाला हवा?

त्यातही एक उपपक्ष आहे, तो आधी बाजूला सारतो. काही जण म्हणतात, दोष हाताचा आहे. दारू अधिक काटेकोर तोला. साधा हिशेब करू. साडेपाच ग्रेनच्या भरणीत एक दशांश ग्रेनची चूक झाली, तर ती दोन टक्क्यांहून कमी आहे. वेग दारूच्या थेट प्रमाणात वाढतो असे धरले, जे प्रत्यक्षाहून जास्तच होईल, तरी साडेसातशे फुटांच्या वेगात फरक पडेल तेरा-चौदा फुटांचा. क्रोनोग्राफवर दिसतो तो शंभर फुटांचा. बाकीचे शह्याऐंशी फूट तराजूच्या माथी मारता येत नाहीत. तराजू चांगला असावाच, पण त्याच्याकडे हे दुखणे बरे करण्याची ताकद नाही.

आता पोकळीवाद्यांचा आवडता प्रयोग पाहू, कारण तो खरोखर डोळ्यांत भरणारा आहे. नेमबाज रिव्हॉल्व्हरच्या नळीचे तोंड आकाशाकडे करतो, हलकेच टिचकी मारतो, म्हणजे दारू मागे टोपीशी, प्रायमरशी, गोळा होते. मग हत्यार सावकाश आडवे आणून घोडा पाडतो. अशा पाच गोळ्या. नंतर उलटे: तोंड जमिनीकडे, दारू पुढे गोळीच्या बुडाशी, तसेच हळुवार वर आणून पाच गोळ्या. दुसऱ्या खेपेचे आकडे पहिल्यापेक्षा बहुधा खाली उतरतात आणि हलक्या गोळीमागे दारू फारच कमी असेल, तर ही उतरण प्रचंड असते. टोपीची ज्योत मागून येते. दारू तिच्या तोंडाशी असली की एकदम पुष्कळ कण पेटतात. दारू पुढे गेलेली असली की ज्योतीला आधी मोकळ्या जागेत पसरावे लागते, ती निवते आणि थोडेच कण धड पेटवते. हे सगळे मला मान्य आहे. शिवाय यातून आणखी एक गोष्ट कळते, जी टेबलावर हात टेकून वेग मोजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. टेबलावरून दर वेळी हत्यार एकाच पद्धतीने उचलले जाते, म्हणून दारूही दर वेळी एकाच जागी असते आणि आकडे गोड दिसतात. काउबॉय स्पर्धांत, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेच्या धर्तीच्या हत्यारांनी होणाऱ्या नेमबाजीत, रिव्हॉल्व्हर म्यानातून बाहेर येते ते तोंड खाली करून. टेबलावर सिद्ध झालेली भरणी तिथे वेगळीच वागते.

पण या प्रयोगातून सिद्ध काय होते? दारूच्या जागेचा वेगावर परिणाम होतो, एवढेच. तो परिणाम इतका मोठा का होतो, हे त्यातून कळत नाही. त्याच पुंगळीत, त्याच दारूवर अडीचशे ग्रेनची गोळी बसवून हाच वर-खाली प्रयोग केला, तर फरक उरतो खरा, पण आक्रसतो. पोकळी जवळपास तेवढीच आहे. जड गोळी लांब असल्यामुळे थोडी आत शिरते, इतकाच तिचा पोकळीवर परिणाम. दारू पूर्वीसारखीच घरंगळते. तरीही आकडे शिस्तीत येतात. पोकळीच मूळ कारण असती, तर गोळीचे वजन बदलल्याने ती अशी नरमली नसती.

दुसरा पुरावा दारू बनवणाऱ्यांच्याच छापील सूचनेत आहे. एच-११० नावाची बारीक गोल दाण्यांची, मंद जळणारी दारू .४४ मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसांत वापरतात. ती पुंगळी जवळजवळ भरून टाकते. तिच्याबद्दल उत्पादक बजावतात, की छापील मात्रेपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, नाहीतर ती नीट पेटणार नाही, गोळी नळीत अडकू शकेल. तीन टक्के दारू कमी केल्याने पुंगळीतली पोकळी वाढून वाढून किती वाढेल? डोळ्यांना दिसणारही नाही. पोकळीचा सिद्धान्त खरा असता, तर ही सूचना निरर्थक ठरली असती. ती निरर्थक नाही, कारण ही दारू एका ठरावीक दाबाच्या खाली नीट जळतच नाही. पुंगळी भरलेली असूनही.

तिसरा पुरावा ब्रिटिशांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो कोणा हौशी माणसाचा नाही, एका सरकारी कारखान्यातल्या अभियंत्यांचा आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला जे वेब्ली रिव्हॉल्व्हर असे, त्याचे .४५५ काडतूस मुळात काळ्या दारूसाठी आखलेले होते. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर त्यांच्यापुढे अमेरिकनांसारखाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी पुंगळीच आखूड केली, अडीच-तीन मिलीमीटरने. कॉर्डाइट त्या लहान जागेत अधिक चांगली जळते म्हणून. गोळी २६५ ग्रेनची, जडच ठेवली. वेग सेकंदाला सहाशे-साडेसहाशे फुटांच्या आसपास, म्हणजे आजच्या मवाळ भरणीइतकाच. कोणी म्हणेल, पुंगळी आखूड करणे म्हणजे पोकळी कमी करणेच झाले. बरोबर. पण पोकळी त्यांनी बुजवली नाही, जागाच कमी केली. या दोन गोष्टी एकच असल्यासारख्या बोलल्या जातात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. भुसा कोंबून पोकळी बुजवता येते. दाब मात्र वायूला मिळणाऱ्या एकूण जागेवर, गोळीच्या जडपणावर आणि दारूच्या जळण्याच्या वेगावर ठरतो.

आता माझा पक्ष. बिनधुराच्या दारूचा एक स्वभाव व्हिएयच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात नोंदलेला आहे: दारूचा कण किती वेगाने जळणार हे भोवतालच्या दाबावर अवलंबून असते. बंदुकीतल्या दाबांना हे अवलंबन जवळपास सरळ प्रमाणाचे असते. दाब दुप्पट तर जळण्याचा वेगही दुपटीकडे झुकतो. जळण्यातून वायू निघतो, वायूमुळे दाब वाढतो, दाबामुळे जळणे वाढते. हे चक्र एकदा जोरात फिरले, की गोळी एक-दीड सेंटीमीटर सरकेपर्यंत बहुतेक दारू जळून जाते. पुढे नळीत उरते ते केवळ वायूचे प्रसरण. आता नीट पाहा: दारू लवकर संपली, तर सुरुवातीला ज्योत थोडी इकडे लागली की तिकडे, याला फारसे महत्त्व उरत नाही. सगळी शक्ती आधीच मोकळी झालेली असते आणि शेवटचा वेग त्या एकूण शक्तीवर ठरतो. पण चक्र अडखळत सुरू झाले, तर दारू नळीभर जळत राहते, काही तर जळतच नाही. अशा वेळी सुरुवातीचा प्रत्येक बारीकसारीक फरक शेवटच्या आकड्यात मोठा होऊन उतरतो. दारू पुढे होती की मागे, टोपी किंचित तेज की मंद, पुंगळीचे तोंड घट्ट आवळलेले की सैल, सकाळचा गारवा की दुपारचे ऊन: सगळ्यांची भर पडत जाते. दारूची जागा ही या अनेक कारणांतली फक्त एक. ती डोळ्यांना दाखवता येते, म्हणून तिच्यावर आळ आला.

हलकी गोळी हे चक्र तीन बाजूंनी मोडते. तिचे जडत्व कमी. २५५ ग्रेनऐवजी २०० ग्रेनची गोळी घेतली, तर त्याच दाबाखाली तेवढ्याच वेळात ती सव्वापटीहून जास्त सरकते. वायूला जागा लवकर मिळते, दाब चढण्याआधीच ढिला पडतो. ती आखूड असते, म्हणून पुंगळीत कमी खोल बसते. आधीच मोठी असलेली जागा आणखी मोठी होते आणि गोळीचे बूड पुंगळीच्या तोंडातून लवकर सुटते. तिसरे, तिची नळीशी घासणारी बाजू कमी, म्हणून खाचांत शिरताना होणारा विरोधही कमी. प्रेशर कुकरची रिंग सैल असावी तसे हे आहे. खाली जाळ चांगला असूनही वाफ कोंडतच नाही.

दाब उभा राहिला नाही, हे पाहायला क्रोनोग्राफही लागत नाही. झाडलेली पुंगळी हातात घ्या. पितळेची पुंगळी पुरेशा दाबाखाली फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही; तिची बाहेरची बाजू स्वच्छ निघते. .४५ कोल्टच्या हलक्या भरणीची पुंगळी मात्र तोंडापासून निम्म्यापर्यंत, बहुधा एकाच अंगाने, काजळलेली निघते. दाब इतका कमी होता की पितळ भिंतीला टेकलेच नाही. नळी कागदावर आपटली तर पिवळट-करडे न जळलेले कण पडतात. .४४-४० विंचेस्टरच्या पुंगळीचे तोंड अधिक पातळ पत्र्याचे असते, म्हणून कमी दाबालाही ते फुगते आणि ती पुंगळी स्वच्छ राहते, असा काउबॉय स्पर्धांतल्या लोकांचा जुना अनुभव आहे. पोकळी तिथेही आहेच. अमेरिकी उत्पादकांच्या सामी या संस्थेने .४५ कोल्टसाठी ठरवलेला कमाल दाब चौरस इंचाला १४,००० पौंड आहे. .४५ एसीपी या पिस्तुली काडतुसासाठी तोच २१,००० आहे आणि .४४ मॅग्नमसाठी ३६,०००. म्हणजे कोल्टची पूर्ण भरणीही मुळात कमी दाबाची. तिच्यातही कपात केली की आपण दारूला तिच्या स्वभावाविरुद्ध राबवू लागतो.

.४५ एसीपीचे उदाहरण तर पोकळीवाद आणि हलक्या गोळीला सरसकट दोष देणे, दोन्ही एकदम निकालात काढते. अमेरिकेत पंचवीस आणि पन्नास यार्डांवरून नेम धरणारे पिढ्यान्‌पिढ्या १८५ ग्रेनची हलकी गोळी याच काडतुसात मवाळ भरणीने वापरत आले आहेत आणि तिच्या एकसारखेपणावर त्यांचे गुण अवलंबून असतात. गोळीचा व्यास कोल्टच्या गोळीइतकाच. फरक एवढाच, की पुंगळी तेवीस मिलीमीटरच्या आतली आहे, म्हणून चिमूटभर जलद दारूही तिच्यात दाब उभा करते. .३८ स्पेशलचेही तेच. ते १८९० च्या दशकाअखेर काळ्या दारूच्या मापानेच आले, म्हणून तेही गरजेपेक्षा लांब. त्यात १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॅडकटर गोळी पुंगळीच्या काठापर्यंत संपूर्ण आत दाबून बसवतात. वरून पाहिले तर गोळी आहे की नाही असा प्रश्न पडावा. खाली उरलेल्या जागेत दारू अगदी थोडी असते आणि तिच्या वर पोकळी राहतेच. तरीही हे काडतूस अचूकतेसाठी इतके नावाजले, की स्मिथ अँड वेसनने १९६१ साली मॉडेल ५२ हे पिस्तूल खास याच गोळीसाठी काढले. आपल्याकडचे नेमबाज पंचवीस मीटरच्या सेंटर फायर प्रकारात .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची सुमारे शंभर ग्रेनची वॅडकटर वापरतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जागतिक विक्रमाची बरोबरी करणारे ५९० गुण याच प्रकारात मिळवले. हलकी गोळी, लहान पुंगळी, कमी वेग आणि तरी शिस्त.

यावर पोकळीवादी काळ्या दारूकडे परततात: ती तर कमी दाबाचीच होती, मग ती एकसारखी कशी चालायची? पुंगळी भरलेली होती म्हणूनच ना? भरलेली होती हे खरे, आणि काळ्या दारूच्या भरणीत पोकळी सोडू नये हा जुना नियमही योग्यच. पण काळी दारू निराळ्या जातीची आहे. तिच्या जळण्याचा वेग दाबावर फार कमी अवलंबून असतो. दाब चढो न चढो, ज्योत तिच्या दाण्यांवरून झपाट्याने पसरते. म्हणून ती हलक्या गोळीमागेही आज्ञाधारक राहते. १८८४ नंतर पुंगळी रिकामी झाली एवढेच नाही घडले; दारूचा स्वभावच बदलला. पूर्वपक्ष पहिल्या बदलाची दखल घेतो आणि दुसऱ्याची घेत नाही.

ट्रेल बॉसचे काय, असा सर्वांत नेमका आक्षेप येतो. ही ऑस्ट्रेलियात बनलेली दारू या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आली ती खास जुन्या, मोठ्या पुंगळ्या भरण्यासाठी. मेदूवड्यासारख्या भोकाच्या बारीक चकत्या, वजनाला हलक्या, जागा मात्र भरपूर व्यापणाऱ्या. तिने हजारो नेमबाजांची तक्रार खरोखर कमी केली. पण तिच्यात दोन गुण एकत्र आहेत. ती जागा भरते आणि ती जलद जळणाऱ्या दारूंपैकी आहे. श्रेय नेहमी पहिल्याला दिले जाते. आणि छापील मात्रा हाताशी नसेल तेव्हासाठी विक्रेत्यांनीच दिलेला तिचा जुना नियम असा होता: गोळीच्या बुडापर्यंत भरेल ती कमाल मात्रा, आणि सुरुवात तिच्या ७० टक्क्यांपासून. तीस टक्के पोकळी ठेवूनही ती वापरता येते, असे तिच्या विक्रेत्यांचेच म्हणणे होते. दारू जागची हलू नये याचा फायदा मी नाकारत नाही; पण जलद जळणे वजा केले तर काय उरते, हे एच-११० ने दाखवले आहे.

चुकीच्या निदानातून निघालेले दोन उपाय मला चिंताजनक वाटतात. एक, जहाल टोपी. मॅग्नम टोपी वापरली की दारू कुठेही असो, पेटेलच, असा समज आहे. मंद दारूला तिची गरज असते. पण हलकी गोळी सैल आवळलेली असेल, तर जहाल टोपीचा फटकाच तिला पुंगळीतून ढकलून देतो आणि दारू पेटेपर्यंत जागा आणखी वाढलेली असते. एकट्या टोपीने, दारू नसताना, गोळी नळीच्या सुरुवातीशी जाऊन अडकते हे काडतुसे भरणारा प्रत्येक जण जाणतो. तेवढे बळ तिच्यात असतेच. दुसरा उपाय भरावाचा: दारूवर कापसासारखे कृत्रिम तंतू किंवा मक्याचे पीठ. हे करणारे अनुभवी लोकही आहेत. पण भराव ही गोळीच्या मागे लागलेली आणखी एक वस्तू आहे. ती दाब कसा बदलेल हे छापील तक्त्यात नसते. चेंबरच्या भिंतीला कायमची कडी उमटल्याचे प्रकार भरावाच्या संदर्भात नोंदले गेले आहेत. पोकळी बुजवली म्हणजे रोग गेला, असे मानणाराच हा धोका पत्करतो.

आणखी एक भीती, की थोडी दारू मोठ्या पोकळीत एकदम स्फोट पावते, सवयीने सांगितली जाते. रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या अशा बहुतेक कथांमागे साधे कारण संभवते: दारू दोनदा पडली. .४५ कोल्टच्या पुंगळीत जलद दारूची दुप्पट मात्रा सहज मावते आणि वरून नजर टाकली तर शंका येत नाही. मोठ्या पुंगळीचा हा दोष मात्र मी पूर्णपणे पोकळीच्या नावावर मांडतो.

शेवटचा पूर्वपक्ष सौम्य स्वरात येतो: एवढे कशाला? काउबॉय स्पर्धेत नेमाच्या लोखंडी पाट्या सात-आठ यार्डांवर असतात, तिथे पन्नास फुटांच्या फरकाने काय बिघडते? नेमापुरते बोलायचे तर काहीच नाही. हवेचा विरोध सोडून हिशेब केला, तर ७५० आणि ८०० फुटांच्या गोळ्यांत पंचवीस यार्डांवर उंचीचा फरक सहा मिलीमीटर पडतो. शंभर यार्डांवर तो साडेनऊ सेंटीमीटर होतो, तिथे नेमबाजाला जाणवेल. पण काउबॉय स्पर्धेत रिव्हॉल्व्हरने इतक्या लांब कोणी मारत नाही. मला काळजी वेगाच्या सरासरीची नाही, खालच्या टोकाची आहे. काउबॉय स्पर्धा घेणारी सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी रिव्हॉल्व्हरच्या गोळीला कमाल हजार फुटांची आणि किमान चारशे फुटांची मर्यादा घालते, शिवाय गोळीचे वजन गुणिले वेग साठ हजारांच्या खाली जाऊ देत नाही. धक्का कमी म्हणजे वेळ कमी, म्हणून बरेच जण या खालच्या रेघेकडे सरकतात. सरासरी रेघेच्या वर असली तरी आकडे विस्कटलेले असतील, तर त्यांतला एखादा कधीतरी फार खाली जाणार. तो गारठ्याच्या सकाळी आला, दारू पुढे सरकलेली असली, आवळणी सैल झाली असली, तर गोळी नळीतून बाहेरच पडत नाही. स्पर्धेत पुढचा बार अर्ध्या सेकंदात होतो. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळली की नळी फुगते किंवा फाटते आणि शेजारी माणसे उभी असतात. मवाळ भरणी आपोआप सुरक्षित असते ही समजूत मला म्हणूनच सहन होत नाही.

आणि विस्कटलेपणा मोजायचा कसा, यातही ढिलाई आहे. पाच गोळ्या झाडून प्रमाण विचलन दहा फूट आले, की भरणी उत्तम म्हणून शिक्का बसतो. संख्याशास्त्र सांगते की पाच नमुन्यांवरून काढलेले दहा हे ९५ टक्के खात्रीने सहा ते एकोणतीस यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. तीस गोळ्या झाडल्या तर हीच मर्यादा आठ ते साडेतेरा अशी आवळत येते. पाच गोळ्यांवर दोन भरण्यांची तुलना करणारा माणूस बहुतेक वेळा योगायोगच मोजत असतो. ‘अमुक टोपीने फरक पडला’ अशी कित्येक ठाम मते या पाच-पाच गोळ्यांवरच उभी आहेत.

दाब हे मूळ मानले की उपायांचा क्रमच बदलतो. पहिले, जलद जळणारी दारू, छापील तक्त्यातल्या मात्रेत, आणि तक्त्याच्या तळाशी दिलेल्या किमान मात्रेच्या खाली कधीच नाही. दुसरे, पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवून आवळणे, म्हणजे दाब चढेपर्यंत गोळी थांबेल. तिसरे, गोळीचा व्यास सिलिंडरच्या तोंडांशी जुळणे. कोल्टच्या जुन्या हत्यारांत ही तोंडे .४५६ इंचाच्या आसपास सापडतात आणि आजची गोळी .४५२ ची. एवढ्या फटीतून वायू गोळीला ओलांडून पुढे निसटला, तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. शिवाय सहा चेंबरांची सहा मापे असली तर सहा वेगवेगळे वेग मिळतात आणि दोष दारूला लागतो. चौथा उपाय मला सगळ्यांत सरळ वाटतो, ब्रिटिशांनी केला तोच. १८७५ च्या स्मिथ अँड वेसन स्कोफील्डची पुंगळी कोल्टहून जवळपास पाच मिलीमीटरने आखूड आहे आणि कोल्टच्या चेंबरमध्ये चालते. तिच्याहून आखूड, एसीपीच्या लांबीच्या पुंगळ्याही आता काउबॉय नेमबाज वापरतात. हलकी गोळी हवीच असेल तर तिच्यासाठी घर लहान करा. एक सावधगिरी: आखूड पुंगळीत कोल्टची मात्रा जशीच्या तशी भरू नये आणि गोळी मनाने खोल दाबू नये, जागा कमी झाली की दाब झपाट्याने चढतो. हे ज्याला धोक्याच्या रूपात माहीत आहे, त्याने तेच इलाजाच्या रूपात ओळखायला हरकत नसावी.

माझा पक्ष खोडायचा असेल तर रीत अवघड नाही. .४५ कोल्टच्या एकाच जातीच्या पुंगळ्या, एकच जलद दारू, एकच टोपी घ्यावी. १८० आणि २५० ग्रेनच्या गोळ्या अशा लांबीवर बसवाव्यात की खाली उरणारी जागा दोन्हींत सारखी राहील आणि आवळणीही सारखी असावी. दारूची मात्रा एकच ठेवावी, दोन्ही गोळ्यांच्या छापील तक्त्यांत बसणारी. प्रत्येकी तीस काडतुसे. पंधरा तोंड वर करून, पंधरा खाली करून, क्रम सरमिसळ. पोकळी दोन्हीकडे समान झाली. दोन्हींचे आकडे सारखेच विस्कटले तर दोष पोकळीचाच आणि मी चूक. जड गोळीचे आकडे आवळून आले तर पोकळीवाद्यांनी आपल्या भरावाच्या पिशव्या बाजूला ठेवून दाबाचा विचार सुरू करावा.